गाडी वाढविल्याची हकीकत

श्री. जी वाट पुढे नेते तीस नमन, जी वाट अडविते तीस नमन, आणि दोहींच्या मध्ये जो कातळ बसला आहे त्यास शेवटले नमन करोन ही हकीकत सांगितली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी सरकारच्या गाडीखाली, मागील दोन चाकांस जोडणाऱ्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो आणि ज्याच्या पोटात दातेरी चक्रे तेलात फिरतात, त्या गोळ्याच्या तळाशी एक ओरखडा उमटला होता. लांबी करंगळीएवढी, रुंदी तांदळाच्या दाण्याएवढी, पुढील टोकास खोल आणि मागे जाता जाता उथळ, आणि रंग निघोन आतील धातू चकाकत होता. त्याच्या पुढे गाडीच्या पोटाचा पत्रा होता, त्यावर जुनी धूळ जशीच्या तशी बसली होती. म्हणजे दगड पोटास लागला नव्हता, गोळ्यास लागला होता. परंतु हे पाहावयास गाडीखाली निजावे लागे, आणि सरकारच्या गाडीखाली निजणे हे काम दरबारात कोणाकडेच नेमोन दिले नव्हते, सबब ते कोणी पाहिले नाही आणि पुढील प्रकरण वाढत गेले.

मूळ ऐसे. राज्य लहान, नकाशात बोट ठेविले तर बोटाखाली झाकोन जावे एवढे. गादीवर हैबतराव महाराज, वय पन्नाशीचे, एके जागी बसणे त्यांस कधी जमले नाही. जेवतानाही एक पाय पाटाबाहेर असे. राज्यात गाडी एकच, लहानखुरी, चारही चाकांस जोर पोचणारी, म्हणोन चिखलात आणि दगडांत इतर गाड्या रडत तेथे ही चाले. महाराजांच्या मातोश्री द्वारकाबाई आईसाहेब, वय पंच्याहत्तरीच्या पलीकडे, गुडघे रुसलेले, वाणी थोडी आणि नेमकी. त्यांची थोरली बहीण अनसूयाबाई, ज्यांस सर्व अक्कासाहेब म्हणत, त्या घाटावर सड्यावरील, म्हणजे कातळी पठारावरील, सडेगावी राहात. तेथून भिकोबा गवळी रोज सकाळी फटफटीवर दुधाचे कॅन घेऊन येई आणि सांगावेही आणी. त्याने मार्गशीर्षाच्या आरंभी सांगावा आणिला तो ऐसा, की अक्कासाहेब म्हणतात, द्वारके, अलीकडे नावे निसटू लागली आहेत, सगळी निसटावयाच्या आत ये, म्हणजे कोण आली ते मला कळेल.

हे ऐकोन आईसाहेब उठल्या आणि महाराजांनी तात्काळ गाडी काढिली आणि आईसाहेबांस पुढे बसवोन घाट चढविला. परंतु सड्याच्या खाली कातळाची एक पायरी रस्त्यात आडवी पडली आहे, तेथे गाडीस खालून ठोका बसला आणि गाडी अडकली, आणि दुसरी वाट नाही, मग मागे घेत घेत परत यावे लागले. महाराज म्हणाले, गाडीचे पोट लागले. आईसाहेब म्हणाल्या, ठोका माझ्या पाठीमागे बसला, पायाखाली नाही. महाराज अदबीने म्हणाले की आईसाहेबांनी त्रास घेऊ नये, हे यंत्राचे काम आहे.

मग महाराजांनी कारभारी त्रिंबकपंतांस बोलावोन आज्ञा केली की गाडी वाढवा. त्यावर पंतांचा चेहरा पडला आणि त्यांनी हळूच पुसिले की सरकार, खरी वाढवावयाची की दरबारी वाढवावयाची. या प्रश्नाचा अर्थ कळावा म्हणोन राज्याचा एक रिवाज येथे सांगणे प्राप्त आहे. थोरले महाराज, म्हणजे आईसाहेबांचे यजमान, प्रवासातून परत येऊन देवडीशी थांबले आणि चाकरांस म्हणाले की सामान उतरवा, आणि तेवढे बोलोन छातीस हात लावोन तेथेच संपले. तो त्यांचा शेवटला शब्द. पुढे काही दिवसांनी कोणी चाकर उतरंडीतले मडके आणावयाचे बोलला, तो आईसाहेब ताटावरोन उठोन गेल्या. त्रिंबकपंतांनी ते पाहिले आणि दुसरे दिवशी दवंडी दिली की उतरणे हा शब्द आणि त्याचे गणगोत आजपासोन राज्यात बंद. आपण नारळ फोडला न म्हणता वाढविला म्हणतो, दिवा मालविला न म्हणता वाढविला म्हणतो, बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणतो, त्याच चालीवर पंतांनी ठरविले की जे जे खाली यावयाचे ते ते वाढले म्हणावे. मग चुलीवरील दूध वाढवा म्हणत आणि नवी स्वयंपाकीण जाळ मोठा करी आणि दूध उतू जाई. नवे वैद्य आले, त्यांस सांगितले की रात्रीतून ताप वाढला, तो त्यांनी घाबरोन दुप्पट मात्रा दिली, आणि ताप गेलेला रोगी मात्रेने आडवा जाहला. घाटातून खाली येताना जी वाट लागे तीस परतीचा चढ म्हणत. हळूहळू राज्यातले सर्व या बोलीत निपुण जाहले, परंतु बाहेरचा मनुष्य आला की घोटाळा होई. महाराजांनी पंतांस उत्तर दिले की खरी वाढवा, वर न्या. तेव्हा पंतांचा जीव खाली आला, म्हणजे वाढला.

नदीपलीकडील शहरात हुसेनखान मिस्त्री म्हणोन होता, कानावर पेन्सिल आणि तोंडात बढाई, चार जिल्ह्यांत त्याचे नाव. तो म्हणे, आपल्या हातची गाडी झाडावर चढते, फक्त झाड सरळ पाहिजे. त्यास देवडीत आणिले. महाराजांनी सांगितले की पोट लागते, पोट वाढव. हुसेनखानाने पाटे, म्हणजे ज्या पोलादी पट्ट्यांच्या थरावर गाडी बसते ते, काढिले आणि जास्त कमानीचे नवे बसविले आणि गाडी तीन बोटे वर गेली. महाराज तो दिवसभर तिच्याभोवती फिरत होते. नवे पाटे बसले नाहीत तो म्हणाले, चला, आणि गेले, आणि त्याच पायरीस त्याच जागी तसाच ठोका बसला. महाराज परत आले. तेव्हा हुसेनखान गाडीखाली निजला, आणि बाहेर येऊन कपडे झाडीत म्हणाला की सरकार, पाट्यांनी पोट वर जाते, पण गोळा आसावर बसतो आणि आस चाकावर बसतो, गोळा वर न्यायचा तर टायर मोठा पाहिजे, पाटे कितीही वाढवा, गोळा तिथेच. पंत रागावोन म्हणाले, मग हे आधी का बोलला नाहीस. तो म्हणाला, तुम्ही पोट बोलला, आपण पोट वाढवले. महाराजांनी एकवार ओसरीवर आईसाहेबांकडे पाहिले. त्यांनी ठोका कोठे बसला ते पहिल्या दिवशीच सांगितले होते. त्या तांदूळ निवडीत होत्या आणि मान वर केली नाही. महाराजांस रागे भरणे सोसले असते, हे सोसवेना.

मग टायर आणिले. ते रुंद, उंच, त्यांवरील नक्षीच्या खाचांत बोट जावे एवढे खोल, दगडास नखे लावोन धरणारे. ते चढविले तो वळताना मडगार्डाच्या कडेस घासोन किंचाळू लागले. हुसेनखान म्हणाला, दोन उपाय, कड कापा नाहीतर गाडी आणखी वर न्या. पंत म्हणाले, सरकारच्या गाडीचा पत्रा कापणे म्हणजे सरकारचे नाक कापणे, वर ने. मग पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालोन आणखी तीन बोटे वाढविली, आणि महाराज एकटेच घाटावर गेले आणि ती पायरी गाडीने ऐसी ओलांडली की जशी म्हैस उंबरा ओलांडते. महाराजांनी तेथेच थांबोन पायरीस नमस्कार केला, आणि सडेगावापर्यंतही न जाता परत फिरले, कारण आईसाहेबांस आधी नेऊन मग मावशीचे पाय धरावे ऐसे मनात होते. देवडीवर नगारा वाजला. पंत म्हणाले, आता ही गाडी नव्हे, अंबारी आहे.

दुसरे दिवशी सकाळी आईसाहेब इरकली लुगडे नेसोन, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या. गाडीचा उंबरठा त्यांच्या कमरेस आला. त्यांनी उजवा पाय उचलोन पाहिला, मग डावा उचलोन पाहिला, मग गाडीकडे पाहिले. पंतांनी चौरंग ठेवविला, तो डुलू लागला. चौरंगावर पाट ठेविला, तो दोन्ही डुलू लागले. महाराजांनी स्वतः पुढे होऊन उचलोन ठेवावे म्हणोन हात लांबविले, त्यावर आईसाहेब म्हणाल्या, “बारदानासारखी चढवलीस, तर अक्का विचारेल, हे पोते कसले आले.” कोणी डोली सुचविली. आईसाहेब म्हणाल्या की आजारी ती आहे, डोलीतून मी गेले तर ती मलाच पाहावयास उठेल. भिकोबा म्हणाला, माझ्या फटफटीवर मागे बसा. आईसाहेबांनी पुसिले की तुझे कॅन कोठे ठेवशील, ते मांडीवर घेऊ काय. मग हसणे जाहले आणि त्या आत गेल्या, आणि आत गेल्यावर हसणे राहिले नाही. लुगडे बदलले नाही, तशाच खिडकीत बसोन घाटाकडे पाहात राहिल्या.

तेव्हापासोन राज्यात कोणास स्वस्थता नाही. महाराज रोज गाडी काढीत आणि उगाच तळ्यापर्यंत जाऊन येत. गाडीतही दोष निघाले. वळणावर ती दारू प्यालेल्यासारखी कले, चढावर पूर्वीचा दम राहिला नाही, कारण चाक मोठे जाहले आणि इंजिन तेवढेच राहिले. वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवी, महाराजांस वाटे सावकाश जातो आणि कोंबड्या जीव घेऊन पळत. दिवे वर गेले, ते रस्ता सोडोन झाडांचे शेंडे उजळीत, आणि वटवाघळे दरबारावर नाराज जाहली. परंतु हे दोष कोणाच्या मनात नव्हते. मनात एकच होते, की आईसाहेब चढत नाहीत आणि वर नावे निसटत आहेत. इतक्यात भिकोबाने दुसरा सांगावा आणिला. अक्कासाहेबांनी शेजारच्या सुनेस द्वारका म्हणोन हाक मारली, आणि समोर बसवोन तिची वेणी घातली, आणि पुसिले की तू हल्ली जेवत का नाहीस. ती सून शहाणी, म्हणाली जेवते अक्का. आईसाहेबांनी सर्व ऐकोन एवढेच पुसिले, वेणी कशी घातली, तिपेडी का. भिकोबा म्हणाला, ते पाहिले नाही. त्या म्हणाल्या, पाहावयास हवे होतेस.

मग त्रिंबकपंतांनी विचार केला की गाडी आता खाली आणावी, गोळ्यास टायर पुरे आहे, पाट्यांची उंची फुकट आहे. हा विचार खरा होता आणि सर्वांच्या मनात होता. परंतु तो बोलावयाचा कसा. पंतांनी गाडी शहरात हुसेनखानाकडे धाडिली आणि दरबारी बोलीत निरोप दिला की सहा बोटे वाढवा, त्वरेने. हुसेनखान बाहेरचा, त्यास चमत्कारिक वाटले, परंतु राजेलोकांचा शौक म्हणोन त्याने ठोकळ्यांवर ठोकळे रचिले. गाडी परत आली ती देवडीच्या कमानीस छप्पर घासत आत आली. आईसाहेबांनी खिडकीतून पाहिले. आता उंबरठा त्यांच्या काखेस लागला असता. पंत ओसरीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत, आणि त्यांच्या घरी निरोप गेला की पंतांचा ताप वाढला आहे, त्याचा अर्थ घरच्यांसही लागेना.

मग महाराजांनी हुसेनखानास देवडीत बोलावोन समक्ष सांगावयाचे ठरविले. अंगणात गाडी, तिच्यापाशी हुसेनखान, आणि वर खिडकीत आईसाहेब. महाराज येरझारा घालीत म्हणाले, खानसाहेब, गाडी जरा उत, आणि नजर खिडकीकडे गेली, आणि थोडे थांबोन म्हणाले, उत्तम जाहली आहे. हुसेनखानाने छाती फुगवोन सलाम केला. महाराजांनी घाम पुसोन दुसऱ्या अंगाने यत्न केला. तळवा जमिनीकडे दाबोन दाखविला. हुसेनखानास वाटले, सरकार म्हणतात बसा, तो बसला. शेवटी महाराज म्हणाले, आम्ही दिवा वाढवतो ना, तशी वाढवा. हुसेनखानाच्या मुद्रेवर प्रकाश पडला, तो म्हणाला, समजलो सरकार, आधीच बोलायचे, आणि त्याने पान्हा घेऊन गाडीचे दोन्ही दिवे खाली वळविले, आणि वटवाघळांची तक्रार मिटली. महाराज डोके हातांत धरोन चौरंगावर बसले. आयुष्यात प्रथमच ते इतका वेळ एके जागी बसले, आणि बसोनही त्यांचा पाय हालत होता. पंत जवळ येऊन म्हणाले की सरकारांनी तो शब्द एकवार बोलावा, पाप माझे माथी. महाराज म्हणाले, “पंत, पाप नाही. आईसाहेबांच्या कानांवर तो शब्द मी घालावा, आणि त्या पुन्हा ताटावरोन उठाव्या, हे माझ्याच्याने होणार नाही.” मग पंत म्हणाले की दवंडी माझी होती. महाराज म्हणाले, दुःख तुमचे नव्हते.

ऐसे चालले असता भिकोबा आला. त्याने फटफटी नेहमीच्या जागी लाविली नाही, मध्येच उभी केली, आणि कॅन काढावयाच्या आधी बोलू लागला. अक्कासाहेब काल दुपारपासोन उंबऱ्यात बसल्या आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यास पुसतात की आमची द्वारका शाळेतून आली काय. शेजारची सून पुढे जाऊन म्हणाली, ही पाहा मी आले. त्यावर अक्कासाहेबांनी तिला न्याहाळोन पाहिले आणि म्हणाल्या, बाई, तू कोण ते मला ठाऊक नाही, परंतु तू द्वारका नव्हेस, तिच्या भुवईत व्रण आहे, मीच पाडला आहे. हे सांगोन भिकोबाने कॅन काढावयास घेतले. आईसाहेबांच्या डाव्या भुवईतील व्रण राज्यात सर्वांनी पाहिला होता, तो कशाचा ते कोणी कधी पुसिले नव्हते.

मग वर खिडकी लागली आणि जिन्यावर काठीचा आवाज जाहला, एकेक पायरी, मध्ये थांबत. आईसाहेब अंगणात आल्या. महाराज उठोन उभे राहिले, हुसेनखान उभा राहिला, पंत भिंतीस लागोन उभे राहिले. आईसाहेबांनी गाडीपाशी जाऊन तिच्या उंबरठ्यास हात लाविला, तो काखेएवढा वर होता. पंतांनी हात जोडोन सांगितले की आईसाहेब, आम्ही सर्व उपाय केले, एक राहिला, तो आपल्या मर्यादेत बसत नाही. आईसाहेब बोलिल्या, “पंत, पहिले वर्षभर तो शब्द मला खरेच सोसत नव्हता. पुढे सोसू लागला. परंतु तोवर तुमची दवंडी झाली होती, आणि मीही ती मोडली नाही. वाटे की सामान अजून देवडीत आहे, कोणी घेतले नाही, तोवर ते आत आलेले नाहीत, गेलेलेही नाहीत. ऐसे मी त्यांस देवडीत उभे करोन ठेविले. आता तिकडे अक्का उंबऱ्यात बसली आहे.” महाराज म्हणाले, आईसाहेब, मी बोलतो, आपण नका बोलू. आईसाहेबांनी मान हालवोन नाही म्हटले. एक चाकर आतून खुर्ची घेऊन आला, त्यास हातानेच थांबविले. मग त्यांनी हुसेनखानास जवळ बोलाविले, आणि मडगार्डाची कड बोटाने दाखविली, आणि टायरावर काठी टेकविली.

सारांश, राज्यात गाडी तीन वेळा वाढली, एक वेळा दिवे वाढले, एक वेळा पंतांचा ताप वाढला, आणि शहाणपण जे वाढावयाचे ते सर्वांच्या शेवटी वाढले. जो शब्द इतकी वर्षे कोणी उच्चारिला नाही तो आईसाहेबांनी भर अंगणात, सावकाश, कोणाकडे न पाहता उच्चारिला, तो येणेप्रमाणे:

“खानसाहेब, टायर राहू द्या. कड कापा. आणि गाडी उतरवा.”